चूल घालणाऱ्या हातांचा वर्ग



कोल्हापूरला आपलं येणं-जाणं वरचेवर होतं. अंबाबाईचं दर्शन असतं, लग्नाचा बस्ता असतो, सीपीआरमध्ये कुणाला तरी बघायला जायचं असतं. सीपीआरजवळ टाउन हॉलची बाग आहे. त्या बागेत झाडाखाली बसून आपल्यातल्या कितीतरी जणींनी भाकरी खाल्ली असेल. पण बागेतल्या त्या जुन्या दगडी इमारतीत कितीजणी गेल्या? ते कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय आहे. १८७२ ते १८७६ या काळात ती इमारत बांधली गेली.

आत जायला कुणी अडवत नाही. अडवतं ते आपलंच मन. "आपल्याला त्यातलं काय कळतंय?" असं म्हणून आपण बाहेरच बसतो. आज मी सांगणार आहे ते याच प्रश्नाबद्दल. संग्रहालयात मोठ्या माणसांसाठी हाताने करून बघायचे कलावर्ग भरवता येतात. ते कसे असतात, त्यात काय शिकायला मिळतं आणि आपल्या गटाला ते कसं जमेल, ते बघू.

ही कल्पना नवीन नाही. लंडनमध्ये १८५७ साली एक मोठं कलासंग्रहालय नव्या जागी सुरू झालं. दिवसभर राबणाऱ्या माणसांनाही येता यावं म्हणून ते संध्याकाळी गॅसचे दिवे लावून उघडं ठेवत. मुंबईत भायखळ्याला १८७२ पासून लोकांसाठी खुलं असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथे वेगवेगळ्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या बाहुल्या मांडल्या आहेत. तिथे लहान मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही कार्यशाळा होतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर आपल्याच घरातल्या वस्तू आहेत. दिवे, अडकित्ते, वज्री, स्वयंपाकाची भांडी. ज्या वस्तू बायकांनी रोज वापरल्या, त्याच आज काचेमागे मानाने ठेवल्या आहेत.

आता असा वर्ग इतर क्लासपेक्षा वेगळा कसा? शिवणाच्या क्लासला आपण सरळ मशीनवर बसतो. संग्रहालयाच्या वर्गात आधी बघायचं असतं. एकाच वस्तूसमोर दहा-पंधरा मिनिटं बसायचं. हे भांडं कशाचं आहे, काठ असा का वळवला, बूड काळं का पडलं, हे एकमेकींना विचारायचं. मग कागदावर वेडंवाकडं का होईना, पण काढायचं. त्यानंतर स्वतःच्या हाताने करून बघायचं. आणि शेवटी पुन्हा त्याच वस्तूकडे जायचं. दुसऱ्या खेपेला तेच भांडं वेगळं दिसतं, कारण ते करताना कुठे हात अडतो हे आता आपल्याला माहीत झालेलं असतं. मूळ वस्तूला हात लावायचा नाही, एवढं मात्र पाळायचं.

आपल्या टाउन हॉलमध्ये बघण्यासारखं काय आहे? पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ च्या सुमारास खोदकाम झालं आणि सातवाहनांच्या काळातलं, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव सापडलं. भांडी, मणी, नाणी आणि काशाच्या वस्तू मिळाल्या. त्यात वीतभरही नाही एवढी समुद्रदेवाची एक मूर्ती आहे. तो देव ग्रीक-रोमन लोकांचा. म्हणजे त्या काळी आपल्या पंचगंगेकाठचा व्यापार थेट रोमपर्यंत पोचला होता. हत्तीवर बसलेल्या माणसांची काशाची छोटी मूर्तीही तिथलीच. अशा मूर्ती करायची जुनी रीत अशी : आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर माती लिंपायची, भाजायची. मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात.

आता मातीकडे येऊ, कारण माती आपल्या ओळखीची आहे. चूल घातलेली बाई या वर्गात अडाणी नसते. माती भिजत घालायची, खडे काढायचे, भुसा किंवा लीद मिसळायची, सावलीत वाळवायची, हे तिला कुणी शिकवायला नको. वर्गात फक्त त्यामागची कारणं उलगडतात.

माती भरपूर मळायची, कारण आत हवा आणि ओल अडकली तर भट्टीत भांडं तडकतं. चाक नसलं तरी भांडं होतं. कडबोळ्याला वळतो तशी मातीची लांब दोरी वळायची आणि गोल गोल एकावर एक बसवायची. जोडाच्या जागी काडीने ओरखडे काढून पातळ माती लावायची, नाहीतर वाळताना जोड सुटतो. उन्हात वाळवायचं नाही. वरची बाजू लवकर सुकून आक्रसते, आतली ओलीच राहते आणि भेग पडते.

आणि भाजायचं कशासाठी? कच्ची माती पाण्यात पुन्हा विरघळते. म्हणून तर अंगणातली चूल एका वळवात बसते आणि शाडूचा गणपती विसर्जनानंतर पाण्यात विरतो. पण साधारण ६०० अंशांच्या वर भाजली की माती कायमची बदलते. मग ती पुन्हा चिखल होत नाही. ब्रह्मपुरीची खापरं दोन हजार वर्षं पावसापाण्यात टिकली ती त्यामुळेच.

रंगांची आवड असेल तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय बघा. "सांगत्ये ऐका" सिनेमातले ते नट हातात कुंचला घेणारे चित्रकारही होते. आपलं राहतं घर आणि चित्रं त्यांनी सरकारच्या स्वाधीन केली. रंगाच्या भुकटीने केलेली त्यांची चित्रं बघताना रांगोळी काढणारीला ती नक्कीच जवळची वाटतील. आणि शाळेचं म्हणाल, तर कोल्हापूरचे बाबुराव पेंटर कुठल्याही कलाशाळेत गेले नव्हते. वडिलांच्या हाताखाली शिकले आणि पुढे सिनेमाचा कॅमेराही त्यांनी स्वतः घडवला.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. एक दिवसाच्या वर्गाने धंदा उभा राहत नाही. "आठ दिवसांत शिका आणि घरबसल्या कमवा" असं सांगून कुणी मोठी फी मागत असेल तर जपून. कुंभाराची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. म्हणून आपल्या गावच्याच कुंभारदादाला किंवा वहिनीला शिकवायला बोलवा आणि त्यांची दिवसाची मजुरी चुकती करा. त्यांच्या विद्येचाही मान राहतो.

मग मिळतं काय? सासर, शेत, गुरं, मुलं यांत आपल्या हातांनी केलेलं सगळं रोज खपून जातं. भाकरी खाल्ली जाते, सारवलेली जमीन पुसली जाते. आपण केलेली एक वस्तू टिकते आणि तिच्याकडे कुणीतरी थांबून बघतं, हा अनुभव पन्नाशीच्या बाईलाही नवा असतो. "मला काय येतंय?" हा प्रश्न त्या दिवशी जरा मागे सरतो.

गटाने करायचं एवढंच. पंधरा-वीस जणींची नावं काढा. गटाच्या लेटरहेडवर संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांना पत्र द्या. त्यात तारीख, संख्या, आणि वस्तू समजावून सांगायला माणूस मिळेल का व बागेत मातीकाम करायला परवानगी मिळेल का, हे लिहा. परवानगी नाही मिळाली तर सकाळी संग्रहालय बघा आणि दुपारी गावात येऊन मातीत हात घाला. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून आधी विचारून घ्या. एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहेच. सोबत वही, पेन्सिल, जुनं पातळ आणि डबा. मातीचे आणि मजुरीचे पैसे सगळ्यांत वाटून घेतले की कुणावर भार पडत नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हा विषय मांडा. आणि गटात चूल घालण्यात जिचा हात धरणारं कुणी नाही, अशी एखादी म्हातारी असेल तर तिला आधी विचारा. वर्गात पहिली जागा तिची.