‘काही करत नही तो!’

लग्नसराईत सटाण्यातली एखादी वरात आठवा. पुढे डीजे, मध्ये नाचणारी पोरं, मागे घोड्यावर नवरदेव. गल्लीच्या तोंडाशी दोन-तीन कुत्री येतात आणि भुंकत भुंकत घोड्याच्या मागच्या पायांशी घुटमळायला लागतात. घोडा कान मागे टाकतो, तिरका होतो, नवरदेव खोगीर घट्ट धरतो. तेवढ्यात कुणीतरी मोबाइल काढतं. रील भारी होते, ग्रुपवर फिरते, हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडतो.

बहुतेक वेळा पुढं काही होत नाही, म्हणून हसू येतं. पण होतं तेव्हा फार पटकन होतं. आणि त्या वेळी घोड्याच्या मागं नाचणारे आपणच असतो.

घोडा पळतो, कुत्रा पाठलाग करतो

या भांडणात ‘वाईट’ असं कुणीच नसतं. दोघंही आपापल्या स्वभावाप्रमाणे वागतात. घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळपास साडेतीनशे अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचं आणि बरोब्बर शेपटीमागचं. कुत्रा नेमका तिथूनच येतो. त्यात वरातीच्या घोड्याला झापडं असली आणि कानाशी डीजे वाजत असला, तर मागं काय चाललंय याचा अंदाज घ्यायलाही त्याच्याकडे काही उरत नाही. मग त्याच्याकडे दोनच मार्ग असतात, पळणं किंवा लाथ मारणं. चार-साडेचारशे किलोच्या जनावराची लाथ कुत्र्याचा जबडा मोडू शकते. ती कुत्र्यालाच लागेल, शेजारच्या माणसाला लागणार नाही, याची हमी कोण देणार?

कुत्र्याचं उलटं असतं. पळणारी गोष्ट दिसली की तिच्यामागे धावायचं, हे त्याच्या रक्तातच आहे. बाइक, सायकल, पहाटे भरतीसाठी रनिंग करणारी पोरं, सगळ्यांना हा अनुभव आहे. घोडा घाबरून पळतो, म्हणून कुत्रा जास्त पेटतो, म्हणून घोडा आणखी घाबरतो. हे चक्र एकदा सुरू झालं की लगाम हातात असलेल्या माणसाचंही फारसं चालत नाही.

पोलिसाचा घोडासुद्धा

‘वरातीचा घोडा आहे, ट्रेनिंग नसतं म्हणून बिचकतो,’ असं वाटत असेल, तर अमेरिकेतली गोष्ट ऐका. ६ ऑगस्ट २०१२. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये समुद्राकाठी क्रिसी फील्ड नावाचं मोठं मोकळं मैदान आहे. तिथं कुत्र्यांना पट्ट्याशिवाय सोडायला परवानगी होती, पण कुत्रा मालकाच्या हाकेवर परत आला पाहिजे, ही अट होती. त्या दिवशी चार्ली नावाचा एक कुत्रा स्टोनी नावाच्या पोलिस घोड्यावर धावून गेला. मालकाच्या हाका हवेत विरल्या. घोड्यावरचा पोलिस खाली पडून जखमी झाला. पायांना चावे घेतलेला स्टोनी जीव घेऊन थेट आपल्या तबेल्याकडे पळत सुटला आणि चार्ली त्याच्या मागं.

पोलिसाच्या घोड्याला गर्दीची, गोंगाटाची, फडफडणाऱ्या झेंड्यांची सवय करून देतात. पण पाय फाडणाऱ्या दातांची सवय कशी करणार?

पुढं चार्लीला ‘धोकादायक’ ठरवून मारून टाकायचा निर्णय झाला. त्याच्यासाठी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालली, प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली आणि चार्ली वाचला. मालकाला मात्र त्याला कायमचं सोडावं लागलं. म्हणजे एका पट्ट्याअभावी पोलिस जखमी झाला, घोडा जखमी झाला आणि कुत्र्याचं घर गेलं. या तिघांपैकी एकाचीही चूक नव्हती.

हे आपल्यापासून लांब नाही

कोलकात्याच्या मैदान परिसरात घोड्यावरचे पोलिस आजही गस्त घालतात. मुंबईतलं घोडेस्वार पथक वाहनांची गर्दी वाढल्यावर १९३२ मध्ये बंद झालं होतं. ८८ वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, राज्य सरकारनं ते पुन्हा सुरू करायची घोषणा केली. गर्दीत घोड्यावरचा एक पोलिस जमिनीवरच्या तीस पोलिसांइतका उपयोगी पडतो, असं तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं होतं. पण शहरातला घोडा म्हटलं की शहरातली कुत्रीही आलीच. आणि नाशिकच्या महाराष्ट्र पोलिस अकादमीत पीएसआयच्या ट्रेनिंगमध्ये घोडेस्वारीही असते, हे अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या दोस्तांना वेगळं सांगायला नको.

मेंढपाळांकडे बघा

मग कुत्रा आणि घोडा एकत्र राहूच शकत नाहीत का? आपल्या कसमादे पट्ट्यात मेंढ्या घेऊन फिरणारे वाडे येतात, तेव्हा नीट बघा. पाठीवर अख्खा संसार लादलेलं तट्टू चाललेलं असतं आणि त्याच्या पायाशी दोन-चार दणकट कुत्री. ना भुंकणं, ना लाथ. कारण ती कुत्री पिल्लं असल्यापासून घोड्यांच्या वासात वाढलेली असतात. शिवाय मालकाच्या एका आवाजावर थांबायचं, हे त्यांना रोजच्या कामातून पक्कं माहीत असतं.

आपल्या टायगरनं आणि ब्रूनोनं घोडा पाहिलेला असतो तो थेट वरातीत, डीजेच्या आवाजात. आणि आपण पट्टा काढून मोकळेपणानं सांगतो, ‘काही करत नही तो!’ घरात काही करत नसेलही. पण घोडा समोर आल्यावर तो काय करेल, हे तुम्ही कधी तपासलंय का?

कायदा कुत्र्याला नाही, माणसाला विचारतो

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं की, आपल्या ताब्यातल्या जनावरामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये, यासाठी पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत दंड एक हजारापर्यंतच होता.

पण गल्लीतल्या कुत्र्यांना तर मालकच नाही. मग त्यांचा पट्टा कुणाच्या हातात? २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. सर्वोच्च न्यायालयानंही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी-लसीकरण करून कुत्री जिथली तिथं सोडायला सांगितलं. रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडून. खायला घालायचं तर ठरवून दिलेल्या जागीच, हेही सांगितलं. म्हणजे दगड मारून प्रश्न सुटत नाही आणि चौकात बिस्किटं टाकूनही सुटत नाही. आपल्या वॉर्डात नसबंदी कधी झाली, किती झाली, हे नगरपरिषदेला लेखी विचारायला कॉलेजची पाच पोरं-पोरी पुरेशी आहेत.

एवढं तर करूच शकतो

– कुत्रा फिरवताना घोडा दिसला की आधी पट्टा आखूड धरा, बाजूला व्हा, घोडा जाऊ द्या. पट्टा काढायची ती वेळ नव्हे.

– वरातीत घोड्याच्या मागं नाचू नका. तिथं त्याला तुम्ही दिसतच नाही. त्याच्या कानाशी फटाका तर नकोच.

– कुत्री आलीच, तर पळू नका आणि आरडाओरडा करू नका. घोडेवाल्याला घोडा थांबवू द्या, डीजे बंद करा. दोन-तीन जणांनी लांबूनच कुत्र्यांना हुसकावा, मध्ये घुसू नका.

– कुत्रा चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. घोड्याला चावला, तर पशुवैद्यकाला बोलवा. रेबीज घोड्यालाही होतो.

– रील नंतर. त्या घोड्यावर एका घराची अख्ख्या सीझनची कमाई अवलंबून असते. तो लंगडला तर त्या घराचं काय होतं, हे व्हिडिओत दिसत नाही.

साल्हेरच्या पायथ्याशी १६७२ मध्ये मराठ्यांच्या घोडदळानं मोगलांना मैदानात हरवलं, हे आपण बागलाणचे लोक अभिमानानं सांगतो. त्या घोड्यांचं कौतुक आहेच. पण आज आपल्या गल्लीतून जाणारा घोडा न बिचकता पलीकडे पोचला पाहिजे, आणि त्याच्यावर भुंकणारं कुत्रंही धडधाकट राहिलं पाहिजे. त्यासाठी घोडदळ लागत नाही. दीड मीटरचा एक पट्टा आणि तो धरणारा एक शहाणा हात पुरतो.