शस्त्राचा पल्ला आणि शिकारीची मर्यादा : मढ परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

'शिकार हा कायद्याने गुन्हा आहे', हे विधान पर्यावरणशास्त्राच्या तासाला आपण सर्वच अध्यापक करतो. विधान बिनचूक आहे. परंतु पश्चिम पट्ट्यातील महाविद्यालयांत तेच विधान ऐकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी आढ्याला तिरकमठा टांगलेला असतो, आजोबांच्या तरुणपणातील हाक्याच्या गोष्टी त्याने चुलीपाशी बसून ऐकलेल्या असतात. आपले पूर्वज गुन्हेगार होते, असा अर्थ त्याने या विधानातून काढावा काय? आणि तसा अर्थ काढायचा नसेल, तर आपण त्याला नेमके काय सांगावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार शिकारीच्या साधनांच्या अंगाने केला आहे. धनुष्य आणि बंदूक यांतील फरक केवळ तांत्रिक नसून, शिकारीला मर्यादा कोण घालतो या प्रश्नाशी तो निगडित आहे, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना मढ हे गाव लागते. जुन्नर तालुक्याच्या या पश्चिम भागात आणि लगतच्या आंबेगाव तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती मोठी आहे. भातखाचरे, नाचणी-वरईची डोंगरउतारावरील शेती आणि हिरड्यासारखे वनोपज हा येथील उपजीविकेचा पारंपरिक पाया होय. तालुक्याच्या पूर्वेस गेले की कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर वाढलेला ऊस लागतो. एकाच तालुक्यात दोन निसर्ग आणि दोन अर्थव्यवस्था नांदतात.

दक्षिणेस असलेले भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर आहे. शेकरूसाठी ते प्रसिद्ध असले तरी सांबर, भेकर आणि पिसोरी हे प्राणीही तेथे आढळतात. सामान्यतः या सर्वांना 'हरीण' म्हटले जाते, मात्र प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हा शब्द सैल आहे. सांबर व भेकर हे मृगकुळातील असून त्यांची शिंगे गळून पुन्हा उगवतात. चौशिंगा गवयकुळातील आहे, त्याची शिंगे कायम राहतात. पिसोरी तर या दोहोंहून वेगळ्या कुळातील असून तिला शिंगेच नसतात. पक्ष्यांमध्ये मोर, रानकोंबडा, तितर आणि लावरी यांची शिकार होत असे. उत्तर अमेरिकेत हरणाबरोबर टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीला जे स्थान आहे, ते आपल्याकडे या पक्ष्यांना होते असे म्हणता येईल.

धनुष्याचे शास्त्र

ओढलेल्या धनुष्यात साठलेली ऊर्जा बाणाला मिळते. साध्या लाकडी वा बांबूच्या धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर असतो. बाणाचे वजन २५ ग्रॅम धरल्यास त्याची गतिज ऊर्जा जेमतेम ३१ ज्यूल भरते. रायफलच्या १० ग्रॅम वजनाच्या गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर धरला, तर हीच ऊर्जा ३२०० ज्यूल होते. म्हणजे दोहोंत शंभरपटींचे अंतर आहे. तरीही बाणाने मोठे जनावर पडते, कारण बाण धक्क्याने मारीत नाही. धारदार पात्याने रक्तवाहिन्या व फुप्फुस कापले जाऊन रक्तस्रावाने जनावर मरते. म्हणूनच बोथट पात्याचा बाण निरुपयोगी ठरतो आणि नेमकी जागा चुकली तर जनावर जखमी अवस्थेत दूरवर निघून जाते.

याहून महत्त्वाची बाब वेळेची आहे. २५ मीटर अंतर तोडण्यास अशा बाणाला अर्धा सेकंद लागतो, तर प्रत्यंचेचा आवाज तेवढे अंतर सेकंदाच्या चौदाव्या भागात पार करतो. सावध भेकर आवाज ऐकून दबते वा उसळते आणि बाण पाठीवरून निघून जातो. त्यामुळे धनुर्धाऱ्याला जनावराच्या अगदी निकट जावे लागते. वाऱ्याची दिशा, पाणवठ्याची वाट, ताज्या लेंड्या, झाडाला शिंगे घासल्याच्या खुणा, कोणते फळ कोणत्या महिन्यात गळते आणि ते खाण्यास कोण येते, हे सारे ठाऊक असल्याशिवाय हे शक्य नसते. आखूड पल्ल्याच्या शस्त्राला ज्ञानाचा पल्ला लांब लागतो, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

डोंगरी गावांतील सामूहिक शिकारीत, म्हणजे हाक्यात, ही उणीव माणसांच्या संख्येने भरून काढली जाई. काही जण आरडाओरड करीत रान उठवीत आणि काही जण नाक्यानाक्यावर दबा धरून बसत. मिळालेल्या मांसाचे वाटे होत. त्यात जनावर पाडणाऱ्याचा मान असे, तसा हाकाऱ्यांचाही हक्क असे. वाटणीच्या या प्रथेमुळे शिकार ही कुणा एकट्याची कमाई ठरत नसे.

बंदुकीचे आगमन

ठासणीच्या बंदुकीने हे चित्र बदलले, पण पूर्णपणे नव्हे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची, वर छर्रे वा गोळी भरायची, टोपी बसवायची आणि मग बार काढायचा, असा तिचा खटाटोप असतो. पहिला बार चुकला तर दुसरा भरेपर्यंत जनावर डोंगराआड जाते. शिवाय तिची नळी आतून गुळगुळीत असल्याने गोळीची नेमकी दिशा फार अंतरापर्यंत टिकत नाही. रायफलच्या नळीत मात्र आतून सर्पिल आटे पाडलेले असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ राहते. १०० मीटर अंतर ती सेकंदाच्या सुमारे आठव्या भागात, आवाजाच्याही आधी गाठते. जनावराला सावध होण्याची संधीच उरत नाही. नेम चुकलेली गोळी तीन-चार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. वाड्या-वस्त्या विखुरलेल्या डोंगरात ही बाब माणसांच्या जिवाशी येते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे रात्रीच्या शिकारीसाठी विजेरीचा झोत आला, वाहन आले आणि मांसाला गिऱ्हाईकही आले. झोतात डोळे दिपलेले जनावर जागीच खिळते. त्याला मारण्यास ना माग काढण्याचे ज्ञान लागते, ना गावाचे सहकार्य. वाटणीची जागा विक्रीने घेतली, तेथे शिकारीची जुनी चौकट मोडली. तारेचा फास, विजेचा प्रवाह सोडलेली तार आणि आमिषात दडवलेला स्फोटक गोळा या साधनांचा तर पल्लाच मोजता येत नाही. समोर गाभण मादी आहे, बिबट्या आहे की गुराखी, याची निवड ही साधने करीत नाहीत.

अर्थात पूर्वीची शिकार सर्वस्वी संयमी होती असे मानणे भाबडेपणाचे होईल. तिचा संयम बव्हंशी साधनाच्या मर्यादेतून आलेला होता. पण देवराईत फांदीही न तोडण्याची रीत किंवा वाघबारशीला होणारे वाघोबाचे पूजन पाहिले, की साधनापलीकडच्या मर्यादेची जाणीवही या समाजात होती, हे मान्य करावे लागते.

कायद्याचा प्रवास

महादेव कोळ्यांच्या इतिहासात शस्त्र हा नाजूक विषय आहे. राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी देण्यात आले. त्यानंतरही या डोंगरपट्ट्यातील असंतोष शमला नाही. पुढे १८७८ या एकाच वर्षात ब्रिटिश सरकारने दोन कायदे केले. शस्त्र कायद्याने बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक केला आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. वन कायद्याने राखीव जंगलातील शिकार, फासे व सापळे सरकारी नियमांच्या कक्षेत आणले. एका कायद्याने हातातील शस्त्र आणि दुसऱ्याने पायाखालचे रान नियंत्रणाखाली आले. साहेबाची शिकार हा खेळ आणि रानातल्या माणसाची शिकार ही चोरी, हा भेद त्या काळात रुजला. शिकारबंदीविषयी आजही जी कटुता क्वचित जाणवते, तिचे मूळ येथे शोधता येते.

१९१२ च्या वन्यपक्षी व वन्यप्राणी संरक्षण कायद्याने विणीच्या हंगामात शिकारबंदी करण्याची तरतूद केली. मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आला तेव्हाही परवाना घेऊन काही प्राण्यांची शिकार करता येत होती. ती वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. या कायद्यातील काही तरतुदी अध्यापकांनी आवर्जून लक्षात घ्याव्यात. 'शिकार' या संज्ञेत ठार मारण्याबरोबरच पकडणे, फास लावणे, हाकणे, जखमी करणे आणि अंडी वा घरटी यांची नासधूस करणे हेही येते. 'शस्त्र' या संज्ञेत बंदुकीबरोबर धनुष्यबाण, जाळी, फास व सापळे यांचाही स्पष्ट समावेश आहे, आणि अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करण्यास पूर्वपरवानगी लागते. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या बंदूक परवानाधारकाने वन्यजीव अधिकाऱ्यांकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. चौशिंगा व मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

पीकसंरक्षणाचा प्रश्न याहून वेगळा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. परंतु असा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची मुभा नव्हे. पिकांची हानी करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यास मारण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश लागतो. स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचविताना सद्भावनेने केलेली कृती मात्र गुन्हा ठरत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपज व सामूहिक वनसंपत्ती यांवरील हक्क मान्य केले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. त्याच कायद्याने वन्यजीव व वन यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला, ही त्याची दुसरी बाजू होय.

अमेरिकेचे उदाहरण

अमेरिकेत परवान्याने हरीण व टर्की यांची शिकार चालते, मग आपल्याकडे का नको, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी टर्की अनेक राज्यांतून नष्ट झाली होती. १९३७ च्या कायद्याने लांब नळीच्या बंदुका व काडतुसांवरील ११ टक्के कराचा निधी वन्यजीवांच्या पुनर्वसनासाठी राखून ठेवला. १९७२ मध्ये धनुर्विद्येच्या साहित्यालाही तो कर लागू करण्यात आला. जाळ्यांत पकडलेल्या रानटर्की ओसाड झालेल्या भागांत सोडण्यात आल्या आणि त्यांची संख्या सावरली. अनेक राज्यांत धनुष्याचा हंगाम बंदुकीच्या हंगामापेक्षा मोठा असतो. आखूड पल्ल्याच्या शस्त्राने कमी जनावरे पडतात, हे गृहीत त्यामागे आहे. पण या व्यवस्थेला नियमित गणना, प्रत्येक शिकारीची नोंद आणि विस्तीर्ण अधिवास यांचा आधार लागतो. आपल्या डोंगरांत सांबर व भेकर तुरळक उरले असताना त्या व्यवस्थेचा केवळ परवान्यापुरता भाग उचलणे घातक ठरेल.

हरणे कमी झाल्याचा संबंध आपल्या दैनंदिन प्रश्नांशीही आहे. शेजारच्या अकोले भागात डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा, आणि त्यातील सर्वांत मोठा कुत्र्यांचा आढळला. वस्तीजवळ वावरणारा बिबट्या हरणांवर नव्हे, तर आपल्या अंगणावर जगतो आहे, असाच याचा अर्थ होतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, धनुष्याच्या काळात शिकारीला मर्यादा घालण्याचे काम शस्त्राचा आखूड पल्ला आणि गावाची वाटणी ही दोन्ही मिळून करीत होती. लांब पल्ल्याच्या शस्त्रांनी व बाजाराने ती मर्यादा मोडली. आज तिची जागा कायद्याने घेतली आहे आणि ती योग्यच आहे. मात्र कायदा प्राण्याला वाचवितो, ज्ञानाला नव्हे. माग, आवाज, ऋतू आणि पाणवठे यांची जाण असलेली पिढी आता थकत चालली आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. मढ परिसरातील गावांसाठी या कामात महाविद्यालये मोलाची भर घालू शकतील. मराठी विभागाने प्राणी-पक्ष्यांची स्थानिक नावे व हाक्याचे शब्द नोंदवावेत, प्राणिशास्त्र विभागाने त्यांची ओळख पटवावी, इतिहास विभागाने आठवणींचे संकलन करावे. अशा नोंदी घेताना कोणाच्याही गतकालीन शिकारीचा तपशील नावानिशी लिहिला जाऊ नये, हे पथ्य आवश्यक आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याला आपण असे सांगू शकू की, आजोबांचा तिरकमठा पुन्हा रानात न्यावयाचा नाही, परंतु तो चालविण्यासाठी आजोबांना जे ठाऊक होते, ते शिकून घ्यावयाचे आहे. भेकराच्या वीस पावलांवर पोहोचणाऱ्या माणसाइतका चांगला वनरक्षक किंवा प्राणिगणक दुसरा कोण असणार?