उंबराचा गंध आणि संशोधक महिला

क्वचितच दर्शन देणाऱ्या व्यक्तीला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. उंबराला फुले असतात. मात्र ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत दडलेली असतात. गांधीलमाशीच्या कुळातील इवल्याशा कीटकाची मादी केवळ वासावरून तेथे पोहोचते, अरुंद छिद्रातून आत शिरते, परागीभवन करते आणि अंडी घालते. सजीवांमधील अशा रासायनिक संवादाचा अभ्यास म्हणजे ‘केमिकल इकॉलॉजी’ अर्थात रासायनिक परिसरशास्त्र.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रेनी बोर्जेस यांनी सहकाऱ्यांसह उंबराच्या या गंधावर दीर्घकाळ संशोधन केले. दिवसाचा आणि रात्रीचा गंध वेगळा असतो, झाडावरील मुंग्याही त्याचा माग घेतात, हे त्यातून पुढे आले. त्याआधी भीमाशंकरच्या जंगलात त्यांनी शेकरूचा अभ्यास केला होता.

या शाखेच्या उभारणीत महिलांचा वाटा सुरुवातीपासूनच आहे. ब्रिटनच्या मिरियम रॉथ्सचाइल्ड यांचे शालेय शिक्षणही घरीच झाले. मोनार्क फुलपाखरू रुईच्या कुळातील वनस्पतींमधून हृदयावर परिणाम करणारे विष मिळवते आणि ते शरीरात साठवून पक्ष्यांपासून बचाव करते. त्याच्या शरीरातील हे विष १९६८ मध्ये सिद्ध करणाऱ्या चमूत नोबेल विजेते राइखश्टाइन यांच्यासह त्या होत्या. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले १९८५ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी! अमेरिकेच्या मे बेरेनबॉम यांना वनस्पती आणि कीटक यांच्यातील रासायनिक चढाओढीवरील कार्यासाठी २०१४ मध्ये ‘नॅशनल मेडल ऑफ सायन्स’ने गौरविण्यात आले.

नावे ठळक असली, तरी एकूण चित्र वेगळे आहे. ‘युनेस्को’च्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील संशोधकांत महिला सुमारे एक तृतीयांश आहेत. या शाखेत प्रयोगशाळेइतकेच महत्त्व प्रत्यक्ष झाडापाशी काढलेल्या रात्रींना असते. गंधाचे नमुने ठरलेल्या वेळीच घ्यावे लागतात. अशा वेळी सुरक्षित मुक्काम, वाहन आणि स्वच्छतागृह या बाबी संशोधन प्रकल्पाच्या खर्चात क्वचितच गांभीर्याने धरल्या जातात. बाळंतपणामुळे एक हंगाम हुकला, की निरीक्षणांची साखळीच तुटते. नियुक्ती समितीला मात्र शोधनिबंधांची घटलेली संख्या तेवढी दिसते.

खंड पडलेल्या महिलांना पुन्हा संशोधनाकडे वळविण्यासाठी केंद्राने २००२-०३ मध्ये महिला वैज्ञानिक योजना सुरू केली होती, तर संस्थांचेच मूल्यमापन करणारा ‘गती’ हा उपक्रम २०२० मध्ये आला. पाठ्यवृत्तीची मुदत संपल्यावर कायम पद कोठे मिळणार, हा प्रश्न अनेकींसमोर उरतोच.