डब्ल्यूसीएफ : एक सेवा, अनेक मार्ग

परीक्षा शुल्क स्वीकारणारी एक सेवा घ्या. कार्यालयातील डॉट नेट प्रोग्रॅम तिला वापरतो, तसेच बँकेची जावामधील प्रणालीही. पूर्वी अशा कामासाठी एएसएमएक्स वेब सेवा, रिमोटिंग, एमएसएमक्यू अशी वेगवेगळी तंत्रे शिकावी लागत आणि मार्ग बदलला की कोडही बदलावा लागे. नोव्हेंबर २००६ मध्ये डॉट नेट फ्रेमवर्क ३.० बरोबर आलेल्या विंडोज कम्युनिकेशन फाउंडेशनने, म्हणजेच डब्ल्यूसीएफने, ही तंत्रे एका चौकटीत आणली.

या चौकटीत सेवेशी संपर्क एंडपॉइंटमार्फत होतो. त्याचे तीन भाग लक्षात ठेवा :

१. अ‍ॅड्रेस : सेवा कुठे आहे?
२. बाइंडिंग : तिच्याशी कसे बोलायचे?
३. कॉन्ट्रॅक्ट : ती कोणते काम करते?

एकाच सेवेला अनेक एंडपॉइंट देता येतात. बँकेसाठी बेसिक-एचटीटीपी बाइंडिंग निवडा, कारण त्यातील सोप संदेश जावालाही समजतात. कार्यालयासाठी नेट-टीसीपी वेगवान. मात्र त्यात दोन्ही बाजूंना डब्ल्यूसीएफ लागते. हा बदल बहुधा कॉन्फिगरेशन फाइलमध्येच होतो. अपवादही आहे : नेट-एमएसएमक्यूवर फक्त एकतर्फी ऑपरेशन चालतात. शुल्क भरल्याची पावती उत्तर म्हणून हवी असेल, तर तेथे कॉन्ट्रॅक्टच बदलावा लागतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. उत्तराची वाट पाहण्याची मूळ मर्यादा एक मिनिट आहे. ती संपली की क्लायंटला टाइमआउट मिळतो. पण टाइमआउट म्हणजे नकार नव्हे! सेवेने शुल्क जमा केलेले असेल आणि फक्त उत्तर पोहोचले नसेल. क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवली, तर विद्यार्थ्याचे पैसे दोनदा जातील. म्हणून डेटा कॉन्ट्रॅक्टमध्ये क्लायंटने दिलेला व्यवहार क्रमांक ठेवा आणि पुन्हा पाठवताना तोच वापरा. डेटाबेसमध्ये त्या स्तंभावर युनिक बंधन घाला. क्रमांक आधीच नोंदलेला असेल, तर सेवेने जुनीच पावती परत द्यावी. हे काम कोणतेही बाइंडिंग तुमच्यासाठी करत नाही.

डॉट नेट कोअरमध्ये डब्ल्यूसीएफची सर्व्हर बाजू आली नाही. नव्या प्रकल्पांत जीआरपीसी वापरतात, तर जुन्या सेवांसाठी कोअर-डब्ल्यूसीएफ आहे. तंत्र कोणतेही असो, टाइमआउटचा प्रश्न तोच राहतो.

स्वाध्याय : वरील सेवेचा कॉन्ट्रॅक्ट लिहा. एकच विनंती दोनदा पाठवा आणि नोंद एकच झाली का, ते तपासा.