कोलेजन खाल्ल्याने कोलेजन वाढते का?

कोलेजन हे माणसाच्या शरीरात सर्वाधिक प्रमाणात आढळणारे प्रथिन आहे. त्वचा, हाडे, कूर्चा आणि कंडरा यांची बळकटी त्याच्यावर अवलंबून असते. त्याचा रेणू म्हणजे तिपेडी वेणीच. प्रत्येक पेडात सुमारे एक हजार अमिनो आम्ले असतात आणि त्यांतले दर तिसरे ग्लायसिन असते, कारण वेणीच्या गाभ्यातल्या अरुंद जागेत तेवढेच मावते. ही रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मद्रासमध्ये १९५४-५५ साली उलगडली. त्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतली कंडरा वापरली होती.

गैरसमज : कोलेजन खाल्ले की ते थेट त्वचेत किंवा गुडघ्यात जाऊन बसते.

चमचाभर पावडर दुधात घातली की सुरकुत्या भरतात आणि मटणाच्या पायांचे सूप प्यायले की गुडघ्याची झीज भरते, असे सर्रास सांगितले जाते. जो अवयव खावा तो बळकट होतो, हा त्यामागचा तर्क. तो खरा असता तर टकलावर केस खाण्याचा उपाय कधीच रूढ झाला असता. केसही प्रथिनाचेच असतात.

वस्तुस्थिती : पाये तासन्‌तास शिजतात तेव्हा वेणीचे पेड भांड्यातच सुटतात. गार झालेले सूप थिजते ते त्यातून तयार झालेल्या जिलेटिनमुळे. पुढचे काम जठरातले पेप्सिन आणि स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन ही विकरे करतात. लहान आतड्यातून आत शिरतात ती मुख्यतः सुटी अमिनो आम्ले आणि दोन-तीन आम्लांचे तुकडे. इन्सुलिन हे अवघ्या ५१ अमिनो आम्लांचे प्रथिन. तेही पचनातून धड बाहेर पडत नाही, म्हणूनच १९२२ पासून मधुमेहींना ते टोचून दिले जाते. जिथे ५१ आम्लांचा निभाव लागत नाही, तिथे तीन हजारांची वेणी अखंड चेहऱ्यापर्यंत कशी पोहोचणार?

रक्तात आलेल्या अमिनो आम्लावर ते कोलेजनमधून आले की तुरीच्या डाळीतून, असा शिक्का नसतो. त्यापासून कोणते प्रथिन बांधायचे हे पेशीतली जनुके ठरवतात. त्यातही गंमत अशी, की कोलेजनची ओळख असलेले हायड्रॉक्सिप्रोलिन हे आम्ल जनुकीय संकेतात नाहीच. पेशी आधी साधे प्रोलिन वापरून पेड विणते आणि मग त्यावर हायड्रॉक्सिल गट चढवते. अन्नातून आलेले तयार हायड्रॉक्सिप्रोलिन तिला तिथे बसवता येत नाही. मार्जोरी स्टेटन यांनी १९४९ मध्ये खुणेचा नायट्रोजन असलेले हायड्रॉक्सिप्रोलिन उंदरांना देऊन हे दाखवले. हायड्रॉक्सिल गट चढवणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येते. त्यावर पेरू, आवळा आणि लिंबू पुरेसे असतात.

आधीच तुकडे केलेल्या पेप्टाइड पावडरीचे काय? तिच्यातल्या काही आम्लजोड्या रक्तात सापडतात, हे खरे आहे. पण रक्तात सापडणे वेगळे आणि सुरकुती जाणे वेगळे. ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०२५ मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. सगळ्या चाचण्या मिळून त्वचेला फायदा दिसला. औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर तो दिसेनासा झाला.

निव्वळ प्रथिन म्हणूनही कोलेजन लंगडेच. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. आणि ‘व्हेज कोलेजन’ हा तर नावातच घोळ आहे. वनस्पतींमध्ये कोलेजन नसते. त्या डब्यांत बहुधा जीवनसत्त्वे, अमिनो आम्ले आणि वनस्पतींचे अर्क असतात.

काही किरकोळ गैरसमज

*उकडल्यावर अंड्यातले प्रथिन मरते.* प्रथिन मुळात जिवंत नसते. उष्णतेने त्याच्या घड्या मोडतात, अमिनो आम्लांची साखळी शाबूत राहते. उलट १९९८ च्या एका बेल्जियन अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातले सुमारे ९१ टक्के प्रथिन पचले, कच्च्यातले जेमतेम ५१ टक्के.

*ज्वारीच्या भाकरीत साखर नसते.* भाकरीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. ती पचली की रक्तात ग्लुकोजच येते. धान्यानुसार वेग तेवढा कमी-जास्त होतो.

*कडबा आणि भात मुळातच वेगळ्या घटकांचे.* कडब्यातले सेल्युलोजही ग्लुकोजचेच असते. फरक आहे तो ग्लुकोजचे रेणू जोडणाऱ्या बंधाच्या ठेवणीत. तो बंध तोडणारे विकर माणसाकडे नाही. गायीकडेही नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात.

*डाळ आणि भात एकाच घासात खाल्ले तरच प्रथिन पूर्ण होते.* तांदळात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, हे बरोबर. पण दिवसभरात दोन्ही पोटात गेले की पुरते.

*अन्नातला डीएनए आपल्या डीएनएत मिसळतो.* पालक, मासा, चपाती, सगळ्यांतच डीएनए असतो. पचनात त्याचे सुटे घटक होतात. तसे नसते तर पिढ्यान्‌पिढ्या पालेभाज्या खाणारी माणसे एव्हाना हिरवी झाली असती.

*तूप-तेलाचे रेणूही प्रथिनांसारख्या लांब साखळ्या असतात.* एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडली की स्निग्ध पदार्थाचा रेणू पूर्ण होतो. प्रथिने, स्टार्च आणि डीएनए यांच्यासारखा तो एकावर एक मणी ओवत वाढत नाही.