एकाच टायरमध्ये दोघी

संध्याकाळी सहाच्या बॅचला आमच्या बॉक्सिंग हॉलच्या मधोमध जीपचा जुना टायर आडवा टाकलेला असतो. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, डावा पाय टायरच्या आत, उजवा बाहेर, आणि बेल होईपर्यंत तीन मिनिटं आतला पाय उचलायचा नाही. एवढ्या जवळून लांब हाताची अडचणच होते. म्हणूनच आमच्या उंच मुलीला मी तिथे उभी करतो.

ती सोळा वर्षांची, उंची पाच फूट नऊ इंच. समोरची जेमतेम तिच्या खांद्याला लागते. पहिल्या दिवशी ती टायरमध्ये ताठ उभी राहिली. तिचा हुक समोरचीच्या डोक्याला वळसा घालून मानेमागे गेला, कोपरं बरगड्यांपासून सुटली आणि त्या उघड्या बरगड्यांवर ठेंगणीचे ठोसे पडू लागले. बेल झाल्यावर माउथगार्ड हातात काढून ती म्हणाली, "सर, हा माझा गेमच नाही."

खरं होतं. तिचा गेम दोन वर्षं खपून मीच घडवला आहे. तिचा जॅब खांद्यापासून सरळ सुटतो, खांदा हनुवटीला लागतो, आणि मूठ गेलेल्या वाटेनेच गालाशी परत येते. समोरच्या मुलीला तिच्यापर्यंत पोहोचायला वीतभर जास्त यावं लागतं, आणि तेवढ्यात ही दोनदा मारून बाजूला झालेली असते. उंचीने दिलेलं हे अंतर सोडून तिने आत का शिरावं?

तिने आपणहून शिरावं असं मी कधीच सांगत नाही. पण समोरची शिरणारच. रिंग दोरांच्या आत 6.10 मीटर लांबरुंद, राउंड तीन मिनिटांचे तीन. शेवटच्या राउंडला पोटऱ्या जड होतात, मागे सरकता सरकता पाठीला दोर लागतो, आणि तिथून पुढे टायरमधलीच लढाई सुरू होते. टोकियो ऑलिम्पिकमधली 2021 सालची लव्हलिना बोर्गोहाईनची सेमीफायनल मी मुलांना पुन्हा पुन्हा दाखवतो. लव्हलिनाची उंची 1.77 मीटर, तुर्कस्तानची बुसेनाझ सुर्मेनेली तिच्यापेक्षा बुटकी, पण ती अंतर खात पुढे येत राहिली आणि पाचही पंचांचा कौल तिला गेला. लव्हलिनाच्या ब्राँझचा मला अभिमान आहे. तरीही ती लढत बघताना माझं लक्ष तिच्या कोपरांवरच जातं.

कुस्तीच्या तालमीत यासाठी नेमका शब्द आहे: तोड. पोराचा बांधा बघून वस्ताद त्याचा एखादा डाव पक्का करून घेतात, पण तोड सगळ्याच डावांची शिकवतात. आणि जो डाव आपण कधी मारूनच पाहिला नाही, त्याची तोड अंगात मुरत नाही. समोरच्याचा भार कुठून येणार, कुठला पाय आधी हलणार, हे डोळ्याच्या आधी मांडीला कळावं लागतं.

म्हणून टायर. मात्र त्यात मी तिला बुटक्या बॉक्सरचा अख्खा खेळ शिकवत नाही. तिच्या हाडांना झेपेल तेवढंच घेतो. पहिली गोष्ट गुडघे. उंच मुलं कमरेतून वाकतात. मग पाठ भरून येते आणि तोंड आपोआप अपरकटवर जातं. पाठ सरळ ठेवून गुडघ्यातून खाली बसायचं, खुर्चीच्या कडेवर टेकल्यासारखं. मांड्या पेटतात, आणि एका मिनिटात ती नकळत पुन्हा उभी होते. मग कपाळ: ते समोरचीच्या खांद्याला चिकटवून ठेवायचं, म्हणजे तिला ठोशासाठी जागा उरत नाही. हुकला मी हातच लावत नाही, लांब हाताचा हुक जवळून कधी वेळेवर पोहोचत नाही. अपरकटला मात्र लांबी लागत नाही, कोपर बरगडीपाशी ठेवून तो गुडघ्यातून वर येतो. दोन अपरकट, मग डावा पाय न उचलता वळवून बाजूला. बाजूला होताक्षणी जॅब. हा शेवटचा जॅब विसरली की मी बेल थांबवतो.

बेल मी उगाच थांबवत नाही. आठ वर्षांपूर्वी असाच एक उंच मुलगा माझ्याकडे होता. हात साप सोडल्यासारखा जायचा, पण तो एवढ्यावरच जिंकतो याची मला काळजी वाटू लागली. चार महिने मी त्याला वाकवलं, डोकं हलवायला लावलं, दोन्ही मुठी गालाला चिकटवायला लावल्या. जिल्हा स्पर्धेत तो ना लांब राहिला ना जवळ गेला. मधल्या पट्ट्यात उभा राहिला, जिथे समोरच्या बुटक्या मुलाचा हात अगदी पुरत होता. गालाशी राहायची सवय झालेला त्याचा डावा हात सुटायलाच उशीर करत होता. तो हरला, नंतर यायचा बंद झाला. त्याचा स्वतःचा खेळ पिकण्याआधीच मी दुसरा त्याच्यात घुसवला होता. ते आजही मला लागतं.

प्रशिक्षक चार्ली गोल्डमनने रॉकी मार्सियानोच्या बाबतीत ही चूक केली नाही. मार्सियानो हेवीवेटच्या मानाने बुटका, हात आखूड. गोल्डमनने त्याला ताठ उभं करण्याऐवजी आणखी वाकवलं; मार्सियानो 49 लढती खेळला आणि 49 जिंकला. याउलट 2.06 मीटर उंचीचा टायसन फ्युरी वर्षानुवर्षं मागे सरकत, फसवत खेळायचा, तो फेब्रुवारी 2020 मध्ये डिऑन्टे वाइल्डरवर सरळ चालून गेला आणि सातव्या राउंडला लढत संपली. पण तोवर त्याच्या हातात लांबचा खेळ पूर्ण पिकलेला होता. आमच्याकडची पोरं मोबाइलवर फ्लॉइड मेवेदर बघून डावा हात कमरेशी सोडतात, त्यांनाही मी हेच सांगतो: त्याची उंची 173 सेंटिमीटर आणि हातांचा पसारा त्याहून दहा सेंटिमीटर जास्त, शिवाय तो हे लहानपणापासून करत आलाय. आधी आपला हात मोजा.

परवा स्पारिंगमध्ये उंच मुलगी दोरावर अडकली. मी काही ओरडलो नाही. ती गुडघ्यातून बसली, कपाळ टेकवलं, एक अपरकट गेला, दुसरा हुकला, पाय वळला, आणि ती रिंगच्या मध्ये जॅब मारत उभी होती. नंतर विचारलं तर तिला नीट आठवतही नव्हतं.

ठेंगणी हेडगार्ड काढत माझ्याकडे आली. "सर, मला पण लांबून खेळायला शिकवा ना." मला मेरी कोम आठवली, 158 सेंटिमीटरची. 2012 साली महिला बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा सर्वांत हलका गट 51 किलोचा होता. त्याहून कमी वजनात जगज्जेती ठरलेल्या मेरीला मोठ्या अंगाच्या मुलींशी खेळावं लागलं. लंडनला जाण्याआधी ती इथे पुण्यातच सराव करत होती.

मी टायर भिंतीला लावून ठेवला आणि खडू शोधला. फरशीवर एक रेघ मारली, तिच्यापासून ठेंगणीच्या हाताएवढं अंतर मोजलं, आणि आणखी एक वीत पुढे दुसरी रेघ मारली.

"पाय इथे," मी म्हटलं. "मारताना डावा पाय या दुसऱ्या रेघेवर पडला पाहिजे. आणि मूठ परत येईपर्यंत पाय पण परत."