चांगले सर कोण, हे मुलांना कधी विचारायचं?

टोमॅटोचा हंगाम भरात आला की पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत क्रेटांच्या थप्प्या लागतात. त्याच दिवसांत आसपासच्या वस्त्यांवरून कॉलेजला येणाऱ्या मुलांचे तास बुडू लागतात. तोडणी, गाडी भरणं आणि मग एसटी, अशा क्रमाने ज्याचा दिवस सुरू होतो, त्याच्या लेखी बुडालेला भाग न रागावता पुन्हा समजावून देणारे सर चांगले.

मुलांचं हे मत कागदावर घेण्याची सोय आता आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ने 2017 पासून विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. त्यात वीस प्रश्नांना पर्याय दिलेले असतात आणि एकविसाव्यात स्वतःच्या शब्दांत सूचना करायच्या असतात. अभ्यासक्रम किती टक्के झाला? शिक्षक तयारी करून येतात का? अंतर्गत गुण देताना दुजाभाव होतो का? प्रश्न नेमके आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

उदाहरणं देऊन शिकवतात का, हाही त्यातला एक प्रश्न. पिंपळगावात तो फार मोलाचा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून बी.एस्सी.ला आलेला मुलगा इंग्रजी व्याख्या पाठ करतो, पण अर्थ हाती लागत नाही. याच मुलाने घरच्या बागेत द्राक्षाच्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून, डोळा लावून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, पाहिलेलं असतं. रसात साखर जास्त असेल तर प्रकाश जास्त वळतो आणि पट्टीवरची रेघ वर सरकते. जे अपवर्तन त्याला पुस्तकात अवघड जातं, ते त्याने बागेत डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ही गाठ मारून देणारे सर मुलं विसरत नाहीत.

पण मुलांचं मत कितपत धरायचं? 1970 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. मायकेल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून उभं करून मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणक्षेत्रातल्या मंडळींपुढे व्याख्यान द्यायला लावलं. भाषणात परस्परविरोधी विधानं होती, अर्थ म्हणावा तर काही नव्हता. सांगण्याची ढब मात्र झकास. श्रोत्यांनी व्याख्यान चांगलं झाल्याचा शेरा दिला. तिथे तर शिकले-सवरलेले लोक बसले होते. पुढे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत उलटी बाजू दिसली. ज्या तासांना मुलांना स्वतः गणितं सोडवायला लावली, तिथे ती चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. डोक्याला ताण पडला की शिकवणं बरोबर नाही असं वाटतं.

म्हणून मुलांचं मत मोडीत काढावं असं मुळीच नाही. आपण किती शिकलो हे सांगताना ती चुकतील. पण सर वेळेवर येतात का, शंका विचारली तर झिडकारतात का, पुढच्या बाकांपलीकडे बघतात का, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

पण चांगल्या सरांची एक खूण फॉर्ममध्ये मावत नाही. कवी कुसुमाग्रजांचं बालपण आणि प्राथमिक शिक्षण याच पिंपळगावातलं. त्यांच्या ‘कणा’ कवितेत पुराने संसार मोडलेला एक जुना विद्यार्थी सरांकडे येतो. सरांचा हात खिशाकडे जातो, पण तो पैसे नाकारतो. त्याला हवा असतो तो पाठीवर हात आणि ‘लढ’ हा शब्द. सर कोणता विषय शिकवायचे, हे कवितेत कुठेही येत नाही. अनेक वर्षांनंतरही पडत्या काळात ज्यांच्या दारी जावंसं वाटतं ते सर, ही कसोटी वीस प्रश्नांत बसत नाही. आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या, पुढच्या वर्षी इथे असू की नाही याची खात्री नसलेल्या प्राध्यापकाकडून असं नातं कसं जुळावं, हा सवाल मुलांच्या फॉर्मवर नव्हे, तर शासनाला विचारायला हवा.

महाविद्यालयाच्या हातात मात्र एक गोष्ट आहे. अभिप्राय बहुधा सत्र संपताना घेतला जातो. भरणाऱ्या मुलांना त्याचा काडीचा उपयोग होत नाही, झालाच तर पुढच्या तुकडीला. तोच सहाव्या आठवड्यात, नाव न लिहिता, मराठीत, दोनच प्रश्नांवर घ्यावा: काय समजलं नाही आणि कशाने अडलं? चिठ्ठ्या सरांनी स्वतः वाचाव्यात आणि पुढच्या तासाला, काय बदलणार आणि काय बदलता येणार नाही, ते वर्गात सांगून टाकावं. पहिल्या सत्रात हे टोमॅटोच्या ऐन हंगामात येईल, म्हणजे त्या दिवशी गैरहजर असलेल्यांसाठी चिठ्ठ्यांची पेटी आठवडाभर ग्रंथालयात ठेवावी लागेल.